बंदूकवाल्यांची गुणपत्रिका आणि आपला 'जाहीर पाठिंबा'

निवडणूक जाहीर झाली की कुपवाडमध्ये दोन प्रकारचे कागद फिरू लागतात. पहिला कागद पोलीस ठाण्यातून निघतो. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल आहे, त्यांच्यापैकी कुणाची हत्यारे निवडणूक संपेपर्यंत जमा करून घ्यायची, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते आणि तशा नोटिसा निघतात. दुसरा कागद छापखान्यातून निघतो. त्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र असते, खाली कुणातरी पुढाऱ्याचे त्याहून मोठे छायाचित्र असते आणि ठळक अक्षरांत मथळा असतो, 'जाहीर पाठिंबा'. समस्त बौद्ध समाजाचा, समस्त मागासवर्गीय समाजाचा, समस्त आंबेडकरी जनतेचा पाठिंबा अमुक उमेदवाराला, असे त्यात लिहिलेले असते.

मागे एका निवडणुकीत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, चहाच्या गाड्यापाशी, हे दोन्ही विषय एकाच वेळी निघाले. रात्रपाळी करून आलेला एक कामगार बांधव आम्हाला म्हणाला, "सर, ज्याच्याकडं बंदूक हाय त्यानं ती जमा करायची. आपल्याकडं काय हाय जमा करायला?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "आपल्याकडे मत आहे." त्यावर तो हसला आणि खिशातले पत्रक काढून म्हणाला, "मग ते तर कवाच जमा झालं की! ह्यो बघा पाठिंबा. आमाला कुणी इचारलं बी न्हाई."

त्या एका वाक्याने आम्हाला निरुत्तर केले. बंदूक जमा करणाऱ्याला पोलीस पावती देतात आणि निवडणूक संपल्यावर त्याची बंदूक परत मिळते. आमच्या मताची ना पावती, ना परतफेड. ते कुणी जमा केले, कुठे जमा केले, किती रकमेला जमा केले, याचा पत्ता मतदाराला शेवटपर्यंत लागत नाही. म्हणून आज आम्ही बंदूक आणि पाठिंबा या दोन गोष्टींची एकत्र चर्चा करणार आहोत. विषय विचित्र वाटेल, पण समाजबांधवांनी थोडा धीर धरून वाचावे ही विनंती.

अमेरिकेतले बंदूकवाले पाठिंबा कसा देतात?

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशन नावाची संघटना आहे. १८७१ साली ती स्थापन झाली. सुरुवातीला नेमबाजी शिकवणे एवढेच तिचे काम होते. १९७० च्या दशकात तिने राजकारणात उडी घेतली आणि उमेदवारांना पाठिंबा देण्यासाठी वेगळी शाखाच उघडली. तिचे सभासद देशाच्या लोकसंख्येच्या दोन टक्केही नाहीत. तरीही अर्धशतकभर अमेरिकेतले आमदार, खासदार आणि अध्यक्षसुद्धा तिला वचकून राहिले. असे का घडले?

लोक म्हणतात, पैशामुळे. पैसा आहेच. पण केवळ पैशाने हे झालेले नाही. तिच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. निवडणूक आली की ही संघटना प्रत्येक उमेदवाराकडे लेखी प्रश्नावली पाठवते. बंदुकीच्या कायद्यातील अमुक दुरुस्तीला तुमचा पाठिंबा आहे की विरोध, तमुक बंदीचे काय, असे नेमके प्रश्न त्यात असतात. उमेदवार पूर्वी सभागृहात असेल तर त्याने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, याची नोंद काढली जाते. त्याची जाहीर वक्तव्ये तपासली जातात. मग शाळेतल्या पोरासारखे त्याला गुण मिळतात. 'ए प्लस' म्हणजे नुसता अनुकूल नव्हे, तर त्या प्रश्नासाठी पुढे होऊन लढलेला. तिथपासून 'एफ' पर्यंत, म्हणजे कट्टर विरोधकापर्यंत, श्रेणी लावली जाते. ज्याची सभागृहातली नोंदच नाही, ज्याने फक्त प्रश्नावलीत गोड उत्तरे लिहिली आहेत, त्याला 'ए' मिळाला तरी त्यापुढे वेगळी खूण केली जाते. हा फक्त कागदावरचा विद्यार्थी आहे, असे सभासदांना त्यातून कळते. आणि जो प्रश्नावलीला उत्तरच देत नाही, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागते. मौन म्हणजे बहुधा उदासीनता किंवा वैर, असा अर्थ ती संघटना उघडपणे सांगते.

ही गुणपत्रिका मतदानाच्या आधी सभासदांच्या घरी जाणाऱ्या मासिकात छापली जाते. निवडून येऊन ज्याने शब्द पाळला, त्याला पुढच्या खेपेला सोडायचे नाही, त्याच्यासमोर तेवढाच गोड बोलणारा नवा माणूस उभा राहिला तरी जुन्यालाच साथ द्यायची, हाही त्यांचा नियम. त्यामुळे शब्द पाळण्यात उमेदवाराचा फायदा असतो आणि मोडण्यात तोटा असतो.

या पद्धतीची ताकद किती आहे पाहा. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक या शाळेत एका माथेफिरूने २० कोवळी मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी गोळ्या घालून मारले. अख्खा देश हळहळला. बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वतपासणी अधिक कडक करावी, एवढीच साधी दुरुस्ती एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्या वरिष्ठ सभागृहात आली. ५४ मते बाजूने आणि ४६ विरोधात पडली. पण तिथल्या रीतीप्रमाणे ६० मते हवी होती. दुरुस्ती पडली. मेलेल्या मुलांच्या आईबापांपेक्षा गुणपत्रिकेची भीती मोठी ठरली!

आम्ही त्या संघटनेचे भाट नाही. तिच्या हातांना निरपराधांचे रक्त लागलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्या सर्वोच्च पुढाऱ्याने संघटनेचा पैसा स्वतःच्या चैनीवर उधळला, असा निर्णय न्यूयॉर्कच्या ज्यूरीने २०२४ मध्ये दिला. पुढारी तिकडचेही तसेच! पण शत्रूची तलवार चांगली असेल तर ती कशी घडवली हे पाहायला हरकत नाही. तिथल्या बंदूकविरोधी मातांच्या संघटनांनी नेमके तेच केले. त्यांनीही प्रश्नावल्या काढल्या आणि उमेदवारांना आपले प्रशस्तिपत्र द्यायला सुरुवात केली. मग असा काळ आला की काही उमेदवार 'मला बंदूकवाल्यांनी नापास केले आहे' हे अभिमानाने सांगू लागले.

बंदुकीलाही रंग असतो

या बंदूकवाल्यांचा ढोंगीपणाही आमच्या वाचकांनी जाणून घ्यावा. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष जन्माला आला. पोलीस काळ्या वस्त्यांत जुलूम करीत होते, म्हणून हे तरुण कायद्याने परवानगी असलेल्या बंदुका खांद्याला लावून पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरू लागले. लगेच १९६७ मध्ये भरलेली बंदूक घेऊन उघडपणे फिरण्यावर बंदी घालणारा कायदा त्या राज्यात झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. बंदुकीचा हक्क पवित्र मानणाऱ्या रायफल असोसिएशनने या बंदीला पाठिंबा दिला! बंदूक गोऱ्याच्या हातात असेल तर स्वातंत्र्य आणि काळ्याच्या हातात असेल तर गुन्हा.

त्याआधी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्यांनी स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मागितला. अधिकाऱ्यांनी तो नाकारला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्याला धोका नाही, असे ठरवणारा अधिकारी फक्त अमेरिकेतच असतो, असे कुणी समजू नये. याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा ही नाळ जुनी आहे.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

हत्याराचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी विचारले की, एवढा अन्याय होऊनही या देशातील तळच्या माणसाने बंड का केले नाही? त्यांचे उत्तर असे की, चातुर्वर्ण्याने त्याच्याकडून शस्त्र काढून घेतले, विद्या काढून घेतली आणि राजकीय सत्ताही काढून घेतली. ज्याच्या हातात फक्त नांगर ठेवला, तो लढणार कशाने?

ज्या समाजातून सुभेदार रामजी सकपाळांसारखे फौजी निर्माण झाले, त्या महार समाजाची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. समाजाच्या हातात बंदूक आली, पण ती राज्याची, शिस्तीची आणि गणवेशातली होती.

संविधान सभेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र केले होते तेव्हा ती मागणी योग्य होती, ती परिस्थिती आता उरलेली नाही. उठावे आणि बाजारातून वाटेल ते हत्यार आणावे, असा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्यकारभार चालणार कसा, हे त्यांनी सभागृहाला विचारले. शस्त्रावर राज्याचे नियंत्रण हवे, ही त्यांची भूमिका होती.

ज्या महामानवाने हत्यार हिरावल्याचे दुःख सर्वांत नेमके मांडले, त्यानेच बंदुकीचा मोकळा बाजार नाकारला. यात विसंगती नाही. मोकळ्या बाजारात बंदूक कोण घेणार? ज्याच्याकडे पैसा, जमीन आणि जातीची दहशत आहे तोच. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला बंदुकीची फक्त नळी येणार, दस्ता नव्हे. म्हणून आपली मागणी 'सर्वांना बंदूक' ही नाही. राज्याच्या हातातले हे नियंत्रण कुणाच्या बाजूने वापरले जाते, हा आपला प्रश्न आहे.

नियम तीन : न वाचलेले पान

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये नियम झाले. त्यातला तिसरा नियम आमच्या किती पुढाऱ्यांनी वाचला आहे? ज्या भागात अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग सरकारने आधीच शोधून ठेवावा, तिथे जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना भेट द्यायला लावावी, गरज भासल्यास तिथल्या सवर्णांचे, त्यांच्या नातलगांचे आणि नोकरचाकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना शस्त्रपरवाने द्यावेत, असे हा नियम सांगतो.

बंधूंनो, निवडणूक आली की हत्यारे जमा करायला छाननी समिती बसते, कारण उमेदवारांच्या शांततेचा प्रश्न असतो. मग आमच्या वस्तीच्या शांततेसाठी हीच तत्परता का दिसू नये? यंत्रणा तीच, कागद तोच, अधिकारी तोच. कमी आहे ती फक्त विचारणाऱ्याची.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातही एक वाक्य आपल्या कामाचे आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ म्हणते. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. प्रत्यक्षात परवाना पीकसंरक्षणासाठी मागायचा तर शेत लागते आणि आत्मसंरक्षणासाठी मागायचा तर जिवाला धोका असल्याचे पोलिसांना पटावे लागते. भूमिहीनाला शेत कुठले? आणि ज्यांच्यापासून धोका आहे, त्यांची ठाण्यात ऊठबस असेल तर धोका पटणार कुणाला? उलट उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता जाहीर करावी लागते. घर, गाडी, सोने यांच्या ओळीत रिव्हॉल्व्हर आणि त्याची किंमत लिहिलेली अनेक प्रतिज्ञापत्रे सापडतील. म्हणजे आमची मते मागणाऱ्याच्या जिवाला धोका आहे हे प्रशासनाला पटते, आमच्या जिवाचा धोका मात्र चौकशीत अडकतो!

पण आम्ही वाचकांना फसवणार नाही. बंदुकीच्या परवान्याने सगळे प्रश्न सुटतील असे सांगणारा पुढारी खोटे बोलतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि त्यांच्या तीन मुलांना गावातल्या जमावाने मारले, ते बंदुकीने नव्हे. काठ्या आणि कुऱ्हाडी पुरल्या, कारण मारणाऱ्यांना पोलीस येणार नाहीत याची खात्री होती. अख्खे गाव उलटले तर एका माणसाच्या हातातली बंदूक किती वेळ टिकेल? वर तीच बंदूक दाखवून त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल. आपल्याच मिरज तालुक्यातील बेडगमध्ये २०२३ साली बाबासाहेबांच्या नावाची स्वागतकमान पाडली गेली आणि बौद्ध कुटुंबे लेकराबाळांसह मुंबईच्या दिशेने पायी निघाली. तिथेही बंदुकीचा प्रश्न नव्हता. प्रशासन कुणाच्या बाजूने उभे आहे, हा प्रश्न होता. म्हणून नियम तीन आम्ही बंदुका मिळवण्यासाठी सांगत नाही. हा नियम म्हणजे उमेदवार ओळखण्याचा कस आहे. धोक्याचा भाग अत्याचार होण्याच्या आधी शोधा, असे तो सांगतो. जो उमेदवार या नियमाचे नाव ऐकून गोंधळतो, त्याचे आपल्या वस्तीशी नाते फक्त मतदानाच्या दिवसापुरते आहे.

पाठिंब्याचा बाजार

आता त्या पत्रकाकडे वळू. पाठिंबा देणे हे पाप नाही. बाबासाहेबांनीही निवडणूक समझोते केले. पण कसे? १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा निघाला, त्यात कुणाबरोबर सहकार्य करायचे आणि कुणाबरोबर नाही हे लिहून ठेवले होते. हिंदू महासभेसारख्या प्रतिगामी पक्षांशी युती नाही, कम्युनिस्टांशीही नाही, असे जाहीरपणे छापले होते. कार्यकर्त्याला, मतदाराला आणि विरोधकालाही अटी ठाऊक होत्या. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात बाबासाहेब स्वतः पराभूत झाले, पण अटी विकल्या गेल्या नाहीत.

आज काय चालते? रात्री एका हॉटेलात बैठक होते आणि सकाळी पत्रक निघते. एका गटाचा पाठिंबा एकाला मिळाला की दुसऱ्या गटाचा पाठिंबा दुसऱ्याला मिळतो. दोन्ही पत्रकांवर 'समस्त समाज' लिहिलेले असते! पाठिंब्याच्या बदल्यात समाजाला काय मिळणार, याची एक ओळही त्यात नसते. कुणाला स्वीकृत सदस्यत्व हवे असते, कुणाला महामंडळ, कुणाला रस्त्याचे टेंडर आणि कुणाला नुसते पाकीट. कांशीरामजींनी १९८२ मध्येच 'चमचायुग' असे या काळाचे नामकरण करून ठेवले आहे. प्रस्थापित पक्षांना आमच्या हजारो घरांची दारे ठोठवावी लागत नाहीत, एकच दार पुरते. घाऊक बाजारात माल स्वस्त मिळतो!

यात पुढाऱ्यांइतकेच आम्ही आणि तुम्हीही दोषी आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आम्ही ते भाषण दरवर्षी संविधान दिनाला ऐकतो आणि घरी येऊन पुढाऱ्याच्या पत्रकाला हात जोडतो.

आपली गुणपत्रिका

मग करायचे काय? बंदूकवाल्यांकडून विचार घ्यायचा नाही, पण हिशेब शिकायचा. पुढची निवडणूक येण्याआधी प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत पाच-सात माणसे बसवा. त्यात किमान निम्म्या महिला असाव्यात आणि कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा. त्यांनी उमेदवारासाठी प्रश्न लिहून काढावेत.

खासदारकी-आमदारकीच्या उमेदवाराला पहिला प्रश्न असा विचारा. अत्याचार प्रतिबंधक नियमांच्या नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व संनियंत्रण समिती असते. निवडून आलेले खासदार-आमदार तिचे सदस्य असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक व्हायला हवी. तुम्ही आधी पदावर होता, तर किती बैठकांना हजर राहिलात आणि तिथे काय बोललात? दुसरा प्रश्न, नियम तीनप्रमाणे आपल्या जिल्ह्यात धोक्याचे भाग ठरवावेत, तिथल्या शस्त्रपरवान्यांचा आढावा घ्यावा, यासाठी तुम्ही लेखी मागणी केली का, करणार का? तिसरा, परवानाधारकांमध्ये अनुसूचित जाती-जमातीचे किती आणि नाकारलेल्या अर्जांत किती, ही आकडेवारी सभागृहात मागणार का? चौथा, अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपी तुमच्या पक्षाचा किंवा भावकीतला निघाला तर तडजोडीसाठी फोन करणार नाही, हे लिहून देता का?

महापालिकेचा उमेदवार असेल तर प्रश्न वेगळे हवेत. नगरसेवकाला बंदुकीच्या परवान्याचे विचारून उपयोग नाही. १९९८ मध्ये सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडचे नाव महापालिकेच्या पाटीवर लागले. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ठेवायचा पाच टक्के निधी पूर्ण खर्च झाला का, कुठे झाला, हे त्याला विचारा. कुपवाडच्या ड्रेनेजचे भाषण तर प्रत्येक जण करतो. पण त्या गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षासाधने मिळतात का, हेही विचारा. तो माणूस आपल्याच वस्तीतला असतो.

उत्तर लेखी मागा, सहीनिशी मागा आणि मुदत द्या. नुसत्या उत्तरावर विसंबू नका. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि हजेरी २००५ च्या माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. ज्याची नोंद बोलते त्याला वेगळे गुण, ज्याचे फक्त तोंड बोलते त्याला वेगळे गुण. जो उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढे भले मोठे प्रश्नचिन्ह. आणि ही गुणपत्रिका विहाराच्या फळ्यावर, मतदानाच्या आठवडाभर आधी, आबालवृद्धांना दिसेल अशी लावा.

काही जण म्हणतील, उमेदवार खोटे लिहून देईल. देऊ द्या! पाच वर्षांनी तीच सही फळ्यावर लावता येईल. हवेतल्या आश्वासनाला ती सोय नाही. काही म्हणतील, सगळेच नापास झाले तर? तसे छापा. नापासांतून कमी नापास कोण, हे मतदार ठरवील. आणि २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही यंत्रावर आहेच. काही म्हणतील, आपली मते थोडी आहेत. दोन टक्क्यांहून कमी सभासद असलेल्या संघटनेने महासत्तेचे सभागृह वाकवले, हे वर सांगितलेच आहे. थोडी मते ठाम असली की ती जड होतात आणि पुष्कळ मते विखुरली की ती भुसा होतात.

आणखी एक मोठा फायदा आहे. पुढारी एक असतो, त्याला विकत घेता येते. फळे शंभर असतील तर शंभर विहारांतल्या सातशे माणसांना एका रात्री हॉटेलात बसवता येत नाही. यावर प्रामाणिक पुढाऱ्याने रागावण्याचे कारण नाही. त्याला उलट बळच येईल. उमेदवाराशी बोलताना तो सांगू शकेल, "माझ्या हातात काही नाही, आधी फळ्यावर पास व्हा."

त्या रात्रपाळीच्या बांधवाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. दादा, तुझे मत कुणी जमा केलेले नाही. ते पत्रक म्हणजे पावती नव्हे, ती दुसऱ्याच्या मालावर तिसऱ्याने मारलेली मोहोर आहे. बंदुकीला परवाना लागतो, तो देणारा अधिकारी नाकारू शकतो, निवडणूक आली की ती ठाण्यात ठेवून घेऊ शकतो. मताला परवाना लागत नाही. ते हत्यार बाबासाहेबांनी तुझ्या हातात देताना कुणा पुढाऱ्याची जामीनकी घेतली नव्हती. फक्त चालवण्यापूर्वी नेम कुणावर आहे ते पाहा. त्यासाठी आधी प्रश्न विचार, उत्तर लिहून घे, गुण दे आणि मगच बटण दाब.

पुढच्या निवडणुकीत कुपवाडच्या एका तरी विहाराच्या फळ्यावर अशी गुणपत्रिका लागली, तर चहाच्या गाड्यावर ती वाचायला आम्ही स्वतः येऊ.

जयभीम!